हरभऱ्याची मर आणि मुळाभोवतीचे उपकारक जिवाणू

रब्बीचा हरभरा उगवून तीन आठवडे होतात न होतात तोच शेतात कोठे कोठे एखादे रोप मान टाकलेले दिसू लागते. पाने प्रथम हिरवीच असतात; देठ मात्र खाली लोंबतात आणि दोन-चार दिवसांत रोप वाळून जाते. ओल कमी पडली असेल असे समजून शेतकरी पाणी देतो, तरी रोप काही उठत नाही. मुळा आणि प्रवरा यांच्या कालव्यांखालील काळ्या जमिनीत हरभरा पिकविणाऱ्यास हे दृश्य नवे नाही. यासच मर रोग म्हणतात.

मरीची खूण अगदी सोपी आहे. मान टाकलेले रोप मुळासकट उपटून बुंध्यापाशी धारदार सुरीने उभे चिरावे. मूळ वरून निरोगी दिसत असून आतील पाणी वाहणाऱ्या नळ्यांची रेघ तपकिरी किंवा काळी पडली असेल, तर ती मर होय. बुंधा कुजून त्यावर पांढरी बुरशी व मोहरीएवढे गोल दाणे दिसत असतील, किंवा सोटमूळ वाळक्या काडीसारखे ताडकन मोडत असेल, तर तो रोग निराळा. पुढे सांगितलेली माहिती मरीपुरती आहे. रोग न ओळखता उपाय करणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

हा रोग फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या, हरभऱ्यावर मर आणणाऱ्या एका उपजातीमुळे होतो. हैदराबादजवळ पाटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतील हवारे व नेने या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये केलेल्या मोजणीत, लवकर मर लागलेल्या झाडांचे उत्पन्न शेकडा ७७ ते ९४ इतके, तर उशिरा मर लागलेल्या झाडांचे शेकडा २४ ते ६५ इतके घटल्याचे दिसून आले. त्याच संस्थेतील पुढील कामावरून असेही सिद्ध झाले की, शेतात हरभरा मुळीच घेतला नाही तरी ही बुरशी जमिनीत सहा वर्षेपर्यंत जिवंत राहते. एक-दोन वर्षे पीक पालटल्याने मर जात नाही, या शेतकऱ्याच्या जुन्या अनुभवाचा उलगडा येथे होतो.

राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, या रोगाशी प्रथम वाणांच्या मार्गाने सामना दिला. येथील कडधान्य सुधार प्रकल्पातून निघालेले विजय, विशाल, विराट व दिग्विजय हे वाण मरीस दाद न देणारे म्हणून महाराष्ट्रभर पेरले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मरीचा शोध घेताना शास्त्रज्ञांनी एका बाजूस राहुरीचा विजय आणि दुसऱ्या बाजूस रोगास हमखास बळी पडणारा जेजी-६२ हा वाण घेऊन त्यांच्या मुळांत काय घडते ते ताडून पाहिले आहे. तथापि या बुरशीचे अनेक वंश आहेत. भारतातील चार वंश हवारे व नेने यांनी १९८२ मध्येच ओळखून दाखविले होते. एका वंशास न जुमानणारा वाण दुसऱ्यापुढे टिकेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून वाणाच्या जोडीला आणखी एखादा राखणदार हवा असतो, आणि तो शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीतच आहे.

जमिनीतील राखणदार

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतील फारच थोडे पिकास अपाय करतात. पुष्कळसे आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगात असतात आणि काही तर पिकाच्या शत्रूशी झुंजून त्यास दुबळे करून टाकतात. मृगाच्या पहिल्या पावसाने मातीचा जो वास सुटतो, तो स्ट्रेप्टोमायसिस या जातीच्या जिवाणूंनी निर्माण केलेल्या द्रव्याचा असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. याच गणातील जिवाणूंपासून महाराष्ट्रात एक मोठे काम घडले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील जिवाणू तपासून १९६१ मध्ये हामायसिन हे बुरशीनाशक औषध शोधून काढले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले त्यास पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असेच नाव पडले. पुढे १९६४ मध्ये तेथेच ऑरिओफंजिन हे औषध सापडले आणि ते पिकांवरील बुरशीरोगांसाठी उपयोगात आणले गेले. ही औषधे बुरशीच्या पेशीचे आवरण सच्छिद्र करतात. मग पेशीतील रस बाहेर गळून बुरशी मरते.

परंतु जिवाणूपासून काढलेले औषध बाटलीत भरून फवारणे निराळे, आणि जिवंत जिवाणू मुळाशी बसवून त्याच्याकडून राखण करविणे निराळे. मर ही मुळातून शिरते व नळ्यांत लपते, तेथे फवारणी पोहोचत नाही. म्हणून मरीसाठी दुसरा मार्गच अधिक विचारात घेण्यासारखा आहे. त्यातही एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. हा जिवाणू बुरशीस शेतातून नाहीशी करीत नाही. तो तिची उपासमार करतो, तिची शस्त्रे बोथट करतो आणि पिकास सावध करतो. बुरशी राहते, पण तिचा जोर राहत नाही.

लोहासाठी चाललेली झुंज

मुळाभोवती राहणाऱ्या जिवाणूंपैकी स्यूडोमोनस फ्ल्युओरेसन्स हा या कामी अग्रेसर आहे. लोह अत्यल्प असलेल्या अन्नावर प्रयोगशाळेत तो वाढविला आणि त्यावर जंबुपार किरण टाकले, म्हणजे त्याची वसाहत पिवळसर हिरव्या तेजाने चमकू लागते. ही चमक शोभेची नव्हे. जिवाणू लोह पकडण्यासाठी जे द्रव्य बाहेर सोडतो, त्याचाच तो प्रकाश आहे. सोनाराने चिमट्याने सोन्याचा कण उचलावा तसे हे द्रव्य मातीतील लोहाचा कण घट्ट पकडते आणि मग जिवाणू तो चिमट्यासकट आत ओढून घेतो. लोह मुबलक असेल तर जिवाणू हा चिमटा तयारच करीत नाही.

लोहावाचून कोणत्याही जीवाचे श्वसन चालत नाही, आणि बुरशी त्याला अपवाद नाही. फ्युजॅरियमजवळही लोह पकडण्याचे स्वतःचे साधन असते. पण ते जिवाणूच्या साधनापेक्षा दुबळे पडते. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे झोपी गेलेले असतात. हरभऱ्याचे कोवळे मूळ जवळून जाऊ लागले, त्यातून पाझरणारी साखर व इतर रस त्यांच्यापर्यंत पोहोचले, की ते जागे होतात व कोंभ फोडतात. ही वेळ बुरशीच्या दृष्टीने फार नाजूक असते. मूळ गाठण्यापुरतेच बळ तिच्याजवळ असते, आणि नेमक्या याच वेळी भोवतालचे लोह जिवाणूंनी उचलून नेले असेल, तर कोंभ खुंटतो. मुळापर्यंत तो पोहोचलाच नाही तर मर कोठून येणार?

१९८० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्लोपर, श्रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पुरावा दिला. ज्या जमिनीत फ्युजॅरियम असूनही मर फारशी पसरत नाही अशा जमिनी जगात काही ठिकाणी आढळतात. फ्रान्सच्या दक्षिणेस शातोरनार येथील आणि कॅलिफोर्नियातील सलीनास खोऱ्यातील जमिनी यासाठी प्रसिद्ध आहेत. क्लोपर यांनी स्यूडोमोनस जिवाणू, तसेच त्याचे नुसते लोहग्राही द्रव्य, रोगट जमिनीत घालून पाहिले. दोहोंनीही जवसाची मर व सातूचा मूळरोग कमी झाला. उलट रोगरोधक जमिनीत लोह घातले तेव्हा तिचा तो गुण नाहीसा झाला. दोन वर्षांनी कोलोरॅडोतील शेर व बेकर यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. लोहास अतिशय घट्ट धरून ठेवणारे एक कृत्रिम द्रव्य त्यांनी जमिनीत मिसळले, तेव्हा जिवाणू न घालताही मर कमी झाली. सैल धरणाऱ्या द्रव्याने मात्र हा परिणाम साधला नाही. झुंज लोहासाठीच आहे, याविषयी त्यानंतर फारशी शंका उरली नाही.

आता हा विषय राहुरीच्या शेतकऱ्याच्या बांधावर आणून पाहू. आपल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत व त्यांचा सामू बहुधा आठच्या वर असतो. अशा जमिनीत लोह नसते असे नाही, पुष्कळ असते; पण ते विरघळत नाही. सामू एक अंकाने वाढला की लोहाचे विरघळणे सुमारे हजारपटीने घटते. उसावर केवडा पडून पाने पिवळी-पांढरी होतात, भुईमूग पिवळा पडतो, ते याच कारणाने. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा जमिनीचा दोष आहे. परंतु मरीच्या बुरशीच्या दृष्टीने पाहिले तर तो तिच्यावरचा दुष्काळ आहे. फ्लोरिडातील वाळूसर आम्ल जमिनीत टोमॅटोवरील फ्युजॅरियमची मर आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम चुना घालतात. आपल्याकडे निसर्गाने तो आधीच घालून ठेवला आहे. लोहग्राही जिवाणूस काम करण्यास याहून सोयीची जमीन शोधूनही मिळणार नाही.

मग आपल्याकडे मर का पडते, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. लोहाची टंचाई असली तरी ते पकडणारा जिवाणू मुळाच्या टोकाशी, योग्य वेळी व पुरेशा संख्येने हजर असावा लागतो. सेंद्रिय खत न मिळालेल्या, उन्हाने तापलेल्या जमिनीत तो तसा नसतो. बुरशीचे बीजाणू मात्र जेथल्या तेथे असतात. शिवाय हरभऱ्याचे मूळ आपल्या भोवती आम्ल सोडून लोह सोडवून घेऊ शकते, म्हणून जिवाणूच्या या लुटीने पीक उपाशी पडेल ही भीतीही बाळगण्याचे कारण नाही.

जिवाणूचे इतर उपाय

लोहाची लूट हा जिवाणूचा एकच डाव नव्हे. याच गणातील काही जिवाणू बुरशीस बाधक अशी द्रव्ये निर्माण करतात. काहींच्या पाचकरसाने बुरशीच्या पेशीभिंतीतील कायटीन विरघळते. बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूची द्रव्ये बुरशीच्या पेशीचे आवरण फोडतात. बुरशीही स्वस्थ बसत नाही. फ्युजॅरियम जे फ्युजॅरिक आम्ल तयार करते ते पिकास विषारी असतेच, पण स्वित्झर्लंडमधील डफी व डेफागो यांनी १९९७ मध्ये दाखविले की, त्याच आम्लामुळे जिवाणूचे बुरशीनाशक द्रव्य तयार होणे बंद पडते. त्यांनी टोमॅटोच्या मुळांस थोडे जस्त दिले, तेव्हा बुरशीचे ते आम्ल तयार होणेच थांबले आणि जिवाणूस पुन्हा जोर आला. आपल्याकडील पुष्कळ जमिनींत जस्ताची उणीव आहे, म्हणून हा प्रयोग मनोवेधक वाटतो; पण तो मातीविना वाढविलेल्या टोमॅटोवरचा आहे. जस्त द्यावयाचे ते मातीपरीक्षणाप्रमाणे, मरीच्या नावाखाली नव्हे.

सर्वांत विलक्षण प्रयोग १९९१ मध्ये हॉलंडात कार्नेशनच्या फुलझाडांवर झाला. शास्त्रज्ञांनी जिवाणू मुळांस लावले आणि बुरशी मात्र खोडात टोचली. दोघांची गाठ पडण्याचा संभवच नव्हता. तरीही जिवाणू लावलेल्या झाडांना मर कमी लागली. मुळाशी बसलेल्या जिवाणूने सबंध झाडास सावध केले होते! गावाच्या वेशीवर राखणदाराने हाळी द्यावी आणि आतल्या घरांनी कवाडे लावून घ्यावीत, तसाच हा प्रकार.

बियाण्यास जिवाणू लावण्याची रीत

हरभऱ्याच्या मरीसाठी हा जिवाणू प्रयोगशाळेतून शेतापर्यंत नेण्याचे काम कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात विशेष झाले. विद्याशेखरन व मुथमिलन यांनी १९९५ मध्ये संगजिऱ्याच्या भुकटीत जिवाणू मिसळून ती हरभऱ्याच्या बियाण्यास लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज बाजारात मिळणारी पुष्कळशी भुकटी त्याच धर्तीची असते.

प्रमाण किलोभर बियाण्यास दहा ग्रॅम असे आहे. विजय वाणाचे सत्तर किलो बियाणे हेक्टरी लागते असे धरले, तर सातशे ग्रॅम भुकटी पुरेल. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून ते पूर्ण थंड होऊ द्यावे आणि त्यातील थोडेसे पाणी बियाण्यावर शिंपडून भुकटी हलक्या हाताने चोळावी. गुळाचे पाणी गरम असताना वापरले, तर जिवाणू त्यातच मरतात व सर्व खटाटोप वाया जातो. हरभऱ्याची साल सुटू नये म्हणून बियाणे ढवळताना घाई करू नये. नंतर ते सावलीत पसरून सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. रायझोबियमचे जिवाणूखतही त्याच वेळी लावता येते. बियाण्यास बुरशीनाशक किंवा कीटकनाशक औषध लावावयाचे असेल, तर ते आधी लावून वाळवावे. जिवाणू नेहमी शेवटी. ताम्रयुक्त औषधे व स्ट्रेप्टोमायसिन हे या जिवाणूचे काळ आहेत, त्यांची त्याच्याशी गाठ पडू देऊ नये. वर सांगितलेल्या कारणास्तव लोहाची खतेही बियाण्याजवळ आणू नयेत. केवड्यासाठी हिराकस द्यावयाचा असेल तर तो उभ्या पिकाच्या पानांवर फवारावा.

मर नेहमी पडणाऱ्या शेतात बियाण्याबरोबर जमिनीसही जिवाणू द्यावेत. हेक्टरी अडीच किलो भुकटी पन्नास किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पेरणीच्या वेळी ओल्या मातीत जाईल अशा बेताने टाकावी. उन्हात उघड्यावर टाकलेली भुकटी म्हणजे टाकून दिलेली भुकटी.

बागायत व जिरायत यांत येथे थोडा फरक करावा लागतो. स्यूडोमोनस जिवाणूस कवच नसते. जमीन कोरडी पडली, पाकीट तापले, की तो मरतो. बॅसिलस मात्र कठीण प्रसंगी स्वतःभोवती कवच करून राहतो व ओल मिळताच पुन्हा जागा होतो. तेव्हा कालव्याच्या पाण्यावरील हरभऱ्यास स्यूडोमोनस आणि ओलीच्या भरवशावर पेरलेल्या हरभऱ्यास बॅसिलस, अशी निवड तर्कास धरून आहे. ट्रायकोडर्मा हीही मरीवर उपयोगी पडते, पण ती जिवाणू नसून बुरशीवर वाढणारी दुसरी बुरशी आहे. दुकानदार सर्वांस जिवाणूच म्हणतात, म्हणून हे सांगावे लागले.

पाकीट घेताना नोंदणी क्रमांक, तयार केल्याची व मुदतीची तारीख आणि दर ग्रॅममधील जिवाणूंची संख्या पाहावी. ही संख्या दर ग्रॅमला किमान दहा कोटी असावी लागते. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेले पाकीट, त्यावर काहीही छापलेले असो, घेऊ नये. नाव-गाव नसलेली द्रावणेही घरी आणू नयेत. बर्कहोल्डेरिया सेपेशिया नावाचा याच धर्तीचा एक जिवाणू बुरशीस चांगला आवर घालतो, पण फुप्फुसाने दुबळ्या माणसांत तो स्वतःच गंभीर आजार करतो. उपकारक म्हणून कोणताही अनोळखी जिवाणू हाताळू नये.

जिवाणूवर सर्व भार टाकून इतर काळजी सोडली, तर पदरी निराशा येईल. मरीची बुरशी पंचवीस ते तीस अंश उष्णतेत जोमाने वाढते, म्हणून बागायती हरभरा २० ऑक्टोबरच्या आधी घाईने पेरू नये व १० नोव्हेंबरच्या पुढेही लांबवू नये. मर लागलेल्या शेतातील बियाणे राखू नये, कारण बुरशी बियाण्यातूनही जाते. मेलेली झाडे उपटून जाळावीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. पाणी बेताचेच द्यावे. आणि वाण प्रतिकारकच निवडावा. जिवाणूची मदत बळकट वाणास जेवढी होते, तेवढी रोगास हमखास बळी पडणाऱ्या वाणास होत नाही.

प्रयोगशाळेच्या बशीत जिवाणूने बुरशीस दूर रोखले म्हणून तो शेतातही तसेच करील, असे नाही. तेथे ऊन, कोरडेपणा आणि मातीतील इतर हजार जिवाणू त्याच्याशी स्पर्धा करीत असतात. एका शेतात उत्तम गुण देणारी भुकटी शेजारच्या शेतात काहीच न करण्याचा संभव असतो. तेव्हा ज्यास आपल्या जमिनीत हा जिवाणू कितपत उपयोगी पडतो हे पाहावयाचे असेल, त्याने शेताच्या मध्यावर चार ओळींचा एक पट्टा जिवाणू न लावलेल्या बियाण्याचा पेरावा, त्याच्या शेजारी तितक्याच ओळी जिवाणू लावलेल्या, आणि दोन्हींच्या टोकास खुंट्या ठोकून ठेवाव्यात. पट्टा बांधाकडेला घेऊ नये. कडेच्या ओळींत मर व वाढ दोन्ही वेगळ्या असतात. उगवण पूर्ण होताच दोन्हीकडची रोपे मोजून लिहून ठेवावीत. तिसाव्या दिवशी आणि पुन्हा फुलोऱ्यात मान टाकलेली रोपे मोजावीत, त्यांतील प्रत्येक रोप चिरून आतली रेघ पाहावी, आणि जी खरोखरीच मरीची असतील तेवढीच हिशेबात धरावीत.